ऑपरेशननंतरचं दुखणं कमी करणारी उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांत पैसे टाकावेत का?

टाका, पण आधी बिल कोण भरतं ते बघा, माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. अव्हानोस या अमेरिकन कंपनीचा ऑन-क्यू पंप घ्या, हातात मावेल असा औषधाने भरलेला फुगा, त्यातून बारीक नळीने भुलीचं औषध दोन-तीन दिवस थेंब थेंब मज्जातंतूजवळ जातं, वीज नको बॅटरी नको, आणि मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात. वस्तू खरंच चांगली आहे हो, पण अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, बऱ्याचदा ऑपरेशनचे पैसे एकत्रच देतं, मग हॉस्पिटल असा जादा खर्च कशाला करेल? म्हणून तिथे नोपेन कायदा आला, 1 जानेवारी 2025 पासून अशा काही औषध-उपकरणांना वेगळे पैसे मिळतात, पण 2027 संपेपर्यंतच! ही तारीख डोक्यात ठेवूनच शेअरचा भाव बघा.

दुसरं म्हणजे कोर्टकचेरी. खांद्याच्या सांध्यात असे पंप लावल्यावर काहींची कूर्चा (सांध्यातली मऊ गादी) झिजली, 2009 मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, इशारा दिला, केसेसही झाल्या. त्यामुळे वार्षिक अहवालातला दाव्यांचा भाग आधी वाचा, कृपया. आणि एकाच कंपनीत सगळे पैसे तर अजिबात नको.