‘इंडिजन्स’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय? तो कुठे वापरतात?

गरिबीच, पण हातातोंडाची गाठ पडत नाही अशी. ‘पॉव्हर्टी’ हा सर्वसाधारण शब्द. ‘इंडिजन्स’मध्ये जेवण, औषध, निवारा यांचीच चणचण असते. मराठीत ‘निर्धनता’ चपखल बसतं. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ गरज असणे, उणीव असणे.

बोलण्यात हा शब्द फारसा येत नाही. भेटतो तो कागदोपत्री, आणि बहुतेकदा ‘इंडिजंट’ या विशेषण रूपात. पुण्यातल्या धर्मादाय रुग्णालयात कुणाला दाखल केलं असेल, तर ‘इंडिजंट पेशंट’ हे शब्द कानावर पडले असतील. म्हणजे निर्धन रुग्ण. या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. म्हणून फॉर्मवर कोणत्या रकान्यात खूण करताय ते नीट बघा, बिलात मोठा फरक पडतो. माझ्या मावशीच्या वेळी आम्ही शब्द न कळल्यामुळे तो रकाना कोराच सोडला होता. रेशनकार्ड पिशवीतच होतं.

‘इंडिजिनस’शी मात्र गल्लत करू नका. तो वेगळाच शब्द, त्याचा अर्थ मूळचा, स्थानिक.