नागपूरच्या सपाटीवर राहून डोंगरातली ५० किलोमीटरची ट्रेल रेस जमेल का? शूज कुठले घ्यावेत?

जमते. शूजचं शेवटी सांगते, कारण माझी पहिली रेस शूजमुळे नाही, आमच्या भासऱ्यांच्या सल्ल्यामुळे गेली.

भाऊजींच्या रस्त्यावरच्या सहा फुल मॅरेथॉन झाल्यात, त्यामुळे घरात पळण्यावर शेवटचा शब्द त्यांचा. मी सह्याद्रीतल्या रेसला नाव दिलं तर म्हणाले, "चढावर चालायचं नाही. चालायचंच असेल तर फुटाळा तलावावर फिर ना, पैसे भरून काहून चालतेस?" मी ऐकलं. सेमिनरी हिल्सचा चढ पहाटे दहा-दहा वेळा पळत काढला आणि खाली मात्र दर वेळी दम खात, चालत उतरले. म्हणजे सराव झाला तो बरोबर उलटा.

रेसच्या दिवशी डोक्याला बॅटरी बांधून सिंहगड पळत चढले. माझ्या दुप्पट अनुभवाच्या बाया गुडघ्यावर हात टेकवून शांतपणे चालत होत्या, मी त्यांना मागे टाकत होते. काय मिजास होती! राजगडाच्या संजीवनी माचीवरून, आळू दरवाजातून बाहेर पडून तोरण्याच्या वाटेला लागले आणि घसाऱ्यावर मांड्या थरथरायला लागल्या. पाय टाकला की गुडघा आपोआप दुमडायचा. शेवटी बसून घसरत उतरले. मागून पँट फाटली, तळहातात मुरूम रुतला. बाहीवर घामाचं मीठ पांढरं जमलेलं, आणि त्या मघाच्या बाया "ताई, बरं आहे ना?" विचारत एकेक करून पुढे गेल्या. पाण्याच्या ठिकाणी एका पोराने उकडलेला बटाटा मिठात बुडवून हातात दिला, सोबत संत्र्याच्या फोडी. नागपूरच्या बाईला इतकं आंबट संत्रं! पुढच्या कट-ऑफला, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या आत गाठायच्या ठिकाणी, अकरा मिनिटं उशिरा पोचले. छातीवरचा नंबर काढून घेतला.

चढ दम काढतो, पण मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं वजन अडवून धरतो, त्यात बारीक बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमोडवर बसता येत नाही. पण एकदा असा मार खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच उतार तेवढा दुखवत नाही. म्हणून रामटेकला जा. गडमंदिराच्या पायऱ्या चालत चढा, पळत उतरा, परत चढा. शेवटचा जोरदार उतार रेसच्या दोन-तीन आठवडे आधी.

आणि चढावर चालाच. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये पायी फिरणाऱ्यांसाठी हिशेब मांडला होता: ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे चढ हा वेगळा भरायचा कर आहे, तो पळून चुकत नाही. दुसऱ्या वर्षी मी एकही मोठा चढ पळले नाही आणि रेस वेळेत पूर्ण केली. भाऊजी दिवाळीला सगळ्यांसमोर म्हणाले, "चालतच केली ना पण?" त्यांना मी रामटेकला चला म्हणून तीनदा म्हटलंय. तिन्ही वेळा त्यांना नेमकं लग्न होतं.

शूज: तळाला खोल खाचा हव्यात आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा. नाहीतर उतारावर नखं काळी पडतात, माझं एक मोज्यातच निघून आलं. ब्रँडवरून भांडत बसू नका. नखं आठवडाभर आधी कापा. नुसतं पाणी ढोसत राहू नका, अंगातलं मीठ पातळ होतं.

गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर यातलं काहीही करण्याआधी डॉक्टरला दाखवा, हे खरं तर वरच लिहायला हवं होतं. आणि सरावाला गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूला अंधारात एकटे जाऊ नका, तिकडे बिबटे आहेत.