वाचकांचे प्रश्न : शाळेचं ग्रंथालय

(या वेळची उत्तरं सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेच्या निवृत्त ग्रंथपाल बाईंकडून.)

प्रश्न : आमच्या शाळेत ग्रंथपालाचं पद रिकामं आहे. जूनपासून हा जादा कार्यभार माझ्याकडे आला. मी मूळची मराठीची शिक्षिका. कपाटं भरून पुस्तकं आहेत, पण मधल्या सुट्टीत उघडून बसले तरी तीच चार-पाच मुलं येतात. सुरुवात कुठून करू?
– सहशिक्षिका, अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर : बाई, आधी मधल्या सुट्टीचा नाद सोडा. डबा खायचा, नळावर रांग लावायची आणि उरलेल्या वेळात ग्राउंड गाठायचं, एवढ्यातच ती संपते. ग्राउंडशी स्पर्धा करून जिंकलेलं ग्रंथालय मी तरी पाहिलं नाही. त्यापेक्षा वेळापत्रक लावणाऱ्या सरांना गाठा आणि प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास मागून घ्या. नाहीच जमलं तर ऑफ तास तुमच्याकडे वळवा. बदली तासाला जाणारे शिक्षक तुम्हाला दुवाच देतील.

दुसरं म्हणजे एक दोनशे पानी वही आणा. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमांकवार नोंद) आणि देवघेवीचं रजिस्टर तुमच्याकडे असेलच. ही वही तिसरी. कुणी काही मागितलं आणि आपल्याकडे ते नव्हतं, की तारीख, इयत्ता आणि मागणी त्यात लिहायची. मुलाच्याच शब्दांत लिहा, शुद्ध करून नको. माझ्या वहीत ‘मोटर बांधायचं पुस्तक’ होतं, ‘क्रिकेटचे नियम, चित्रासकट’ होतं. सातवीतल्या एका मुलीची मागणी होती, ‘मोट्ट्या अक्षराचं कायतरी द्या बाई.’ मला वाटलं हिला चष्मा लागलाय. तर आई दिवसभर विड्या वळते आणि संध्याकाळी ही शेजारी बसून तिला वाचून दाखवते. दिवा अंधुक, म्हणून अक्षर मोठं हवं. हे मला कुठल्या प्रकाशकाच्या यादीतून कळलं असतं? मार्च जवळ आला, की अनुदान खर्ची घालायला विक्रेता गठ्ठा घेऊन दारात उभा राहतो. त्या वेळी हातात ही वही असली, की त्याच्या गठ्ठ्यातलं निम्मं परत पाठवता येतं.

मांडणीचं सांगते. पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची ड्यूईची दशांश पद्धत 1876 सालची, अमेरिकेत तयार झालेली. तिच्यात मराठी साहित्याला मिळून एकच 891.46 हा आकडा. पुढे कवितेला 1, नाटकाला 2, कथा-कादंबरीला 3 जोडायचा. मोठ्या ग्रंथालयात ते ठीक, पण आपलं बहुतेक कपाट त्या एकाच आकड्यात जाऊन बसतं आणि सहावीतल्या मुलाला काही उमगत नाही. आकडा पुस्तकाच्या आत राहू द्या. बाहेर पुठ्ठ्यावर रंगीत पट्टी लावा : शोधकथा पिवळी, विज्ञान निळी, चरित्र लाल. आणि कपाटाला कुलूप नको. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, नंतर मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. 1931 साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे त्यातलंच एक. काचेमागच्या पुस्तकाला तो कसा भेटणार?

जानेवारीची तयारी मात्र दिवाळीच्या सुट्टीतच करून ठेवा. 12 जानेवारीला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन, आणि त्याआधी अख्खी नववी एकाच दिवशी एकच पुस्तक मागायला येते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे यांना 1931 साली येरवड्यात फाशी दिलं, एवढी ओळ सगळ्यांच्या वहीत असते. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ का लागला, हे कुणालाच सापडत नाही. अशा पुस्तकांवर ‘बाहेर नेता येणार नाही’ अशी चिठ्ठी लावा. वर्तमानपत्रं रद्दीत देण्याआधी कात्रणं कापा आणि विषयवार पाकिटात घाला. हुतात्म्यांचं एक, डॉ. कोटणीसांचं एक, गड्ड्याच्या जत्रेचं एक, हातमाग-यंत्रमागाचं एक. दोन-तीन वर्षांत ही पाकिटं पुस्तकांपेक्षा जास्त फिरू लागतात.

शिक्षकांसाठी वेगळं काही लागत नाही. पुढच्या पंधरवड्यात कुठला पाठ घेणार, एवढं स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी विचारायचं आणि त्यावरची तीन-चार पुस्तकं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायची. ‘ग्रंथालयात येऊन बघा ना सर’ असं म्हणून कुणी येत नसतं.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. आम्ही घरी तेलुगू बोलतो. ती शाळेतून दर आठवड्याला भुताच्याच गोष्टी आणते. बाईंना सांगून अभ्यासाची पुस्तकं द्यायला लावावीत का?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : नका सांगू. घरात मराठी नसताना मुलगी दर आठवड्याला एक मराठी पुस्तक संपवते, तेही कुणी न सांगता. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत, अशी मुलं मी खूप पाहिली. निबंध लिहायला बसली, की त्यांना शब्द अडत नाहीत. भुताचा कंटाळा तिचा तिलाच येईल. तोवर ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक मागून आणायला सांगा. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतंय आणि त्यात सगळंच असतं, अधूनमधून भूतसुद्धा.

प्रश्न : दरवर्षी पडताळणीत काही पुस्तकं कमी भरतात. त्यामुळे मुलांना घरी पुस्तकं देणं बंद करावं, असं संस्थेतल्या काही जणांचं म्हणणं आहे. आपलं मत?
– मुख्याध्यापक, दक्षिण सोलापूर तालुका

उत्तर : सर, आधी रजिस्टरमध्ये शिक्षकांची पानं उघडून बघा. माझा अनुभव सांगते, राग मानू नका. मुलाचं पुस्तक हरवलं तर तो रडवेला होऊन सांगायला येतो. बदली होऊन गेलेल्या सरांकडे दोन शब्दकोश आणि एक नकाशासंग्रह वर्षानुवर्षं असतो आणि त्याबद्दल ब्रही निघत नाही. बदलीचा किंवा निवृत्तीचा कागद हलण्याआधी ग्रंथालयाची ‘काही येणं नाही’ अशी सही घ्यायची पद्धत पाडा. निम्मी तूट तिथेच भरून निघेल.

मुलांकडून गेलेल्या पुस्तकाची किंमत घ्या, पण ज्याला परवडत नाही त्याला ग्रंथालयात काम द्या. पुस्तकांना कव्हर घालणं, सुटलेली पानं चिकटवणं हे मुलं आवडीने करतात. (खळीत बाइंडरसारखा मोरचूद घालायचा असेल तर तो शिपायाच्या हातून; विषारी असतो, मुलांकडे देऊ नका.) फाटक्या पुस्तकापायी दहावीच्या मुलाचा दाखला अडवून धरू नका. आणि वापरून वापरून झिजलेल्या पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करणं, वेळच्या वेळी करा. समितीची बैठक घ्या, ठराव लिहा, दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे लाल शाईने ठरावाची तारीख टाका. हे वर्षानुवर्षं तुंबलं, की जीर्ण होऊन केव्हाच गेलेली पुस्तकंही पडताळणीत ‘गहाळ’ म्हणून मोजली जातात आणि आळ मुलांवर येतो. तुमच्याकडची तूट अशीच फुगली आहे का, ते संस्थेच्या बैठकीआधी तपासून घ्या.