अंगणातून हायड्रोजन टिपता येईल?

प्रश्न : घरच्या टीव्ही डिशवर बटू दीर्घिकांतला (लहान आकाशगंगांतला) हायड्रोजन सापडेल का? – एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : आपल्या आकाशगंगेतला सापडेल, तोही डिशवर नव्हे, 15 किलोच्या तेलाच्या पिप्यावर. एक तोंड पूर्ण कापा. तळापासून 6 सेंटिमीटरवर 5.2 सेंटिमीटरची तांब्याची तार आत खुपसा. ती पत्र्याला टेकली की संपलं. अ‍ॅम्प्लिफायर तारेलगतच लावा, नाहीतर हायड्रोजनचा 1420.4 मेगाहर्ट्झचा क्षीण रेडिओ संकेत केबलच खाते. मे महिन्यात अ‍ॅम्प्लिफायर सावलीत ठेवा. तापला की संकेताचा आलेख सरकतो.

झ्विकी 18 सारखी बटू दीर्घिका मात्र विसरा. तिचं अंतर जवळपास 6 कोटी प्रकाशवर्षं. दूर जात असल्यानं तिच्या हायड्रोजनचा संकेत 1416.9 मेगाहर्ट्झच्या आसपास उतरतो. तिथं पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या 30 डिशाच हव्यात.