मेंदूत दोन वेगवेगळ्या साध्या गाठी असतील तर दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये काढतात का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या एमआरआयमध्ये कपाळामागे मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) आणि खाली पिट्युटरीत, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीत, अ‍ॅडेनोमा (ग्रंथीची साधी गाठ) अशा दोन गाठी निघाल्या, आणि घरचे म्हणतायत, एकदाच काय ते उरकून टाका. मी न्यूरोसर्जन आहे. फिल्म न बघता सल्ला देणार नाही, पण आम्ही कसा विचार करतो ते सांगतो.

त्रास कोणत्या गाठीचा आहे, त्यावर सगळं ठरतं. पिट्युटरीच्या अगदी वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. तिथे दाब आला की दोन्ही बाजूंचं कडेचं दिसणं कमी होतं. तसं असेल तर सहसा ती गाठ आधी. उलट फिट येत असेल, मेनिन्जिओमाभोवती सूज येऊन मेंदू एका बाजूला सरकला असेल, तर मेनिन्जिओमा आधी.

पण त्याआधी रक्त तपासा. प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं हार्मोन) खूप वाढलेलं असेल तर पिट्युटरीची गाठ बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते, ऑपरेशन लागतच नाही. (किंचित वाढलं असेल तर हुरळून जाऊ नका, ग्रंथीचा देठ दाबला गेला तरी ते वाढतं.) कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन, तेही बघायचंच. ते कमी असताना तसंच ऑपरेशनला घेतलं, मग ते मेनिन्जिओमाचं का असेना, तर रक्तदाब कोसळू शकतो.

आता 'एकदाच'चं. पिट्युटरीची गाठ सहसा नाकावाटे दुर्बिणीने काढतात, कपाळामागची गाठ कवटी उघडून. दोन्ही गाठी अगदी शेजारी असतील तर एका वाटेने जमतं, नाहीतर मी सहसा दोन टप्पे करतो. भूल लांबते हे एक कारण, पण मला जास्त धास्ती सोडियमची. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर काही दिवस ते वरखाली होतं. ते घसरलं की मेंदूची सूज वाढते, आणि कवटी उघडलेल्या पेशंटला नेमकी तीच परवडत नाही.

शिवाय मेनिन्जिओमा लहान असेल, काही त्रास देत नसेल, तर नुसता अधूनमधून एमआरआय करत त्यावर लक्ष ठेवणंही चालतं. पुढे वाढला तर गॅमा नाइफचा, म्हणजे कवटी न उघडता गाठीवर नेमके किरण सोडण्याचा, पर्याय असतो.

पुढच्या भेटीला नजरेच्या कक्षेची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, आणि हार्मोन्सचे रिपोर्ट घेऊन जा. आई गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या घेत असतील तर तेही सांगा, काही हार्मोन्सनी मेनिन्जिओमा वाढतो.