आयुष्यात विशेष काही घडले नसेल, तर आत्मचरित्र कशासाठी लिहावे?

आपण बँकेतून निवृत्त झाला आहात, मुलगी आठवणी लिहा म्हणून मागे लागली आहे आणि “माझ्यासारख्याचे आयुष्य वाचणार कोण?” असे आपण विचारले आहे. आत्मचरित्राचा विषय म्हणजे लिहिणारा स्वतःच, असे या प्रश्नात गृहीत धरलेले दिसते. पुष्कळदा लिहिणारा केवळ साक्षीदार असतो, आणि साक्षीदाराने प्रसिद्ध असण्याची गरज नसते. तो त्या वेळी त्या जागी हजर असला की पुरे.

मी ग्वाल्हेरचा, म्हणून या भागाशी संबंध असलेलेच उदाहरण देतो. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले, ते डोक्यावरच्या कर्जामुळे. शिंदे घराण्यातील बायजाबाई मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी होती आणि तेथे चांगली दक्षिणा मिळेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. वाटेत महूच्या सुमारास बंडाची वार्ता कानी आली, आणि पुढे झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा हे गृहस्थ शहरातच होते. पंचविसेक वर्षांनंतर चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला आणि तो 1907 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आला. झाशीच्या लढाईविषयी इंग्रजांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु तोफा चालू असताना गावातल्या माणसांवर काय गुजरले, हे मराठीत आपल्याला कळते ते दक्षिणेसाठी घर सोडलेल्या एका भिक्षुकामुळे.

माझ्या लिहिण्याचे कारण याहून बरेच लहान आहे. 1948 साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली. महालेखाकार, राजस्व मंडळ अशी काही कार्यालये ग्वाल्हेरला राहिली, पण पुष्कळ नोकरदारांना भोपाळची वाट धरावी लागली, आणि त्यांत महसूल खात्यात कारकून असलेले माझे वडीलही होते. त्यांची सेवापुस्तिका माझ्याकडे आहे. तीत बदलीची तारीख आहे, वेतनवाढी आहेत, मंजूर झालेल्या रजाही आहेत. तेथे ते कोणाबरोबर खोली घेऊन राहिले, ग्वाल्हेरच्या लश्कर भागातील भाड्याच्या घरात आईने त्याच पगारात दोन बिऱ्हाडे कशी चालवली, आणि सुट्टीवर आले की पहिले दोन दिवस आम्ही मुले त्यांच्याशी परक्यासारखी का वागत असू, यांतले त्या पुस्तिकेत काहीही नाही. वडिलांनी लिहिले नाही, आईला कोणी विचारले नाही, आणि आज हे सांगू शकणारा घरात मीच उरलो आहे. महाराष्ट्रातील वाचकाला ग्वाल्हेर म्हटले की शिंद्यांचा राजवाडा किंवा ख्यालगायकी आठवते, हिंदी वाचकालाही बहुधा तेच. येथल्या मराठी कारकुनाचे घर त्या दोघांच्याही नजरेतून सुटलेले आहे. (आमच्या नातवंडांचे शिक्षण हिंदीत किंवा इंग्रजीत झाले आहे, परंतु हिंदीचीही लिपी देवनागरीच असल्याने ती अडखळत का होईना मराठी वाचतात. आजोबांच्या मोडी कागदांपुढे मात्र आम्ही सारेच निरक्षर.)

आपल्या बँकेचेही तसेच आहे. 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, हे कोणत्याही पुस्तकात सापडेल. हाताने लिहिलेली लेजरे, पितळी टोकन हातात धरून बाकावर वाट पाहणारे खातेदार, ताळा जुळेना म्हणून रात्री उशिरापर्यंत थांबलेला कर्मचारी आणि पहिला संगणक आला तेव्हा शाखेत पसरलेली धास्ती, हे आपल्या पिढीने लिहिले नाही तर पुढे ते अंदाजानेच लिहावे लागेल. ग्रामीण शाखेत आपण काही काळ काढला असेल, तर कर्ज कोणाला सहज मिळे आणि कोणाला खेटे घालावे लागत, हे जरूर लिहावे.

लिहिण्याने मन हलके होते असेही म्हणतात. होत असेल, माझा अनुभव संमिश्र आहे, कारण काही गोष्टी लिहिताना नव्याने बोचल्या. वाड्याची वाटणी, भावाभावांतले अबोले किंवा वरिष्ठांनी अडवलेली बढती यांचा हिशेब चुकता करण्यासाठी मात्र लिहू नये. तसे लेखन पाहता पाहता कैफियत होते, आणि कैफियतीत लिहिणाऱ्याच्या बाजूचे तेवढेच तपशील उरतात.

तेव्हा जन्मापासून क्रमाने लिहिण्याचा आग्रह सोडून नोकरीच्या पहिल्या शाखेपासून आरंभ करावा, असे मी सुचवीन. तारखा जुन्या पासबुकांवरून आणि बदलीच्या हुकमांवरून ताडून घ्याव्यात, कारण स्मरण वर्षांची सरमिसळ फार करते. छापण्याचा निर्णय आज घेण्याची आवश्यकता नाही. प्रत्येक प्रकरण झाले की मुलीला वाचायला द्यावे आणि ती जे प्रश्न विचारील ते समासात टिपून ठेवावेत. पुढचा मजकूर बहुतेक त्या प्रश्नांतूनच निघेल.