चिनी पंचांगातले दोन समान दिवस

प्रश्न : दादा, चीनच्या पंचांगात दिवस-रात्र सारखी होण्याचे दोन दिवस खास मानतात म्हणे. त्यांचे महिने तर चंद्रावरचे, मग तारीख कशी हलत नाही? (एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : भाऊ, प्रश्न लय आवडला. त्यांचे महिने चंद्राचे असले तरी सोबत सूर्याचे २४ टप्पे चालतात, आपलं मृग नक्षत्र कसं सूर्यावर चालतं न् दरवर्षी ७-८ जूनलाच लागतं, तसंच. सूर्य १५ अंश सरकला की नवा टप्पा. त्यातला छुनफन २० किंवा २१ मार्चच्या आसपास, छिउफन २२-२३ सप्टेंबरला. फन म्हणजे वाटणी, म्हणजे वसंताचा न् शरदाचा बरोबर मध्य. आणि २४ पैकी एकाआड एक असे १२ टप्पे मुख्य धरतात, ज्या चांद्रमासात असा मुख्य टप्पा पडतच नाही तो त्यांचा अधिक महिना, आपल्या धोंड्यासारखाच, मला तर ही गोष्ट भारीच वाटते.

छुनफनला तिकडं कोंबडीचं अंडं उभं करून पाहतात. खरं तर ते कोणत्याही दिवशी उभं राहतं, हात स्थिर पाहिजे फक्त. छिउफनला २०१८ पासून शेतकऱ्यांचा सुगीचा सण असतो, न् २४ टप्प्यांना युनेस्कोनं २०१६ मध्ये वारसा मानलं.

यंदा २३ सप्टेंबरला अंगणात पऱ्हाटीची काडी सरळ रोवा, दर तासाला सावलीच्या टोकावर खडा ठेवा. संध्याकाळपर्यंत खडे पश्चिमेकडून पूर्वेकडे एका सरळ रेषेत येतात, पोरांनाही बोलवा बघायला.